जबल शम्स आणि जबल अख्दर: जानेवारीत पाच दिवस, चालणं आणि वन्यजीव दोन्ही साधेल का?

कातळकडा:

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून तिघं ओमानला जायचं ठरतंय. मस्कतला मावसभाऊ आहे, तो धरून चार. हातात पूर्ण पाच दिवस. सह्याद्रीत चौघांचीही नियमित भटकंती आहे, पण वाळवंटी डोंगरात कुणीच चाललेलं नाही. हजर पर्वतरांगेतल्या जबल शम्सचा दरीकाठचा रस्ता, म्हणजे तो प्रसिद्ध डब्ल्यू६ (तिथल्या वाटांना असे क्रमांक आहेत), नक्की करायचा आहे. जमलं तर डब्ल्यू४ ने माथाही. त्याशिवाय अरबी ताहर, म्हणजे तिथला रानबकऱ्यासारखा डोंगरी प्राणी, दिसावा ही फार इच्छा आहे.

प्रश्न असे. ताहरसाठी नेमकं कुठे जायचं आणि परवाना लागतो का? पाणी किती न्यायचं? कारण वाटेत टाकं, झरा काही नाही असं वाचलंय. साधी गाडी चालेल की फोर-व्हील-ड्राइव्हच हवी? तंबू ठोकायचा विचार आहे, तर गारठा कितपत असतो? आणि मावसभावाचे वडील, वय ६४, गुडघे थोडे कुरकुरतात, त्यांना एखादा दिवस सोबत नेता येईल अशी सोपी वाट आहे का?

निजवेकर:

महिना बरोबर निवडलात. नोव्हेंबर ते मार्चचा मध्य, यापलीकडे या डोंगरात दिवसभर चालू नये. गाडी, वाटा आणि मुक्काम याबद्दल लिहितो. प्राण्यांचं जाणकारांवर सोडतो.

गाडी: फोर-व्हील-ड्राइव्हच घ्या. जबल अख्दरच्या बाबतीत तर पर्यायच नाही. निजव्यापासून वीसेक किलोमीटरवर बिर्कत अल मौझला पोलिसांची चौकी आहे, तिथे साधी गाडी परत पाठवतात. रस्ता वरपर्यंत उत्तम डांबरी आहे, तरीही. कारण उतार. लोक पाय ब्रेकवर ठेवून पस्तीस किलोमीटर खाली येतात, ब्रेक तापतात आणि मग पाय दाबला तरी गाडी थांबत नाही. उतरताना गिअर हातात घ्या, पहिल्या-दुसऱ्यात ठेवा आणि ब्रेक तुटक तुटक लावा. जळका वास आला तर बाजूला थांबून पंधरा-वीस मिनिटं गार होऊ द्या. तापलेल्या चाकावर पाणी मात्र ओतू नका.

जबल शम्सला चौकी नाही, पण कच्च्या रस्त्याचा टप्पा लागू शकतो. मस्कतहून पठारापर्यंत साधारण २४० किलोमीटर आणि साडेतीन तास धरा: निजवा, मग अल हमरा, मग घूल गावावरून वर. पेट्रोल अल हमरालाच भरून घ्या. वाळूत जायचं असल्यासारखी टायरची हवा कमी करू नका. इथे वाळू नाही, धारदार चुनखडी आहे आणि मऊ टायरची बाजूची भिंत तिच्यावर सरळ चिरते. गाडी ताब्यात घेतानाच स्टेपनीतली हवा, जॅक आणि पाना डोळ्यांनी बघा. भाड्याच्या करारात कच्च्या रस्त्यावरचं टायर आणि काचेचं नुकसान विम्यात धरलंय का, तेही वाचा. बहुतेक वेळा धरलेलं नसतं.

डब्ल्यू६: अल खितैम या वस्तीपासून सुरू, उंची १९०० मीटरच्या आसपास. एका बाजूने साडेतीन-चार किलोमीटर, दीड ते दोन तास. वाट कड्याच्या पोटातून जाते आणि अस-साब या सोडून दिलेल्या गावाशी थांबते. दगडी घरं एका प्रचंड कपारीखाली बांधलेली आहेत, समोर शेताच्या पायऱ्या. चढउतार फार नाही, पण जाताना एकूण उतार आहे, म्हणजे परतताना चढ. सह्याद्रीवाल्यांना दम लागणार नाही. त्रास झाला तर तो खोलीचा. वाट बहुतांश ठिकाणी दोन माणसं ओलांडतील एवढी रुंद आहे, पण कठडा नाही, आणि खाली नख्र दरी एक किलोमीटरच्या घरात खोल. उंचीची भीती असणाऱ्याला पहिल्या अर्ध्या तासातच कळतं. तिथूनच परत फिरणं शहाणपणाचं. गावाच्या पुढे लोखंडी दोराची चढाई आहे, ती फक्त वाटाड्या आणि हार्नेस घेऊनच.

सुरुवातीलाच बकऱ्या भेटतील. त्या भुकेल्या नसतात, सवयीच्या असतात. पिशवी खाली ठेवलीत की चेनसकट कुरतडतात.

डब्ल्यू४: ही खरी चढाई. पायथा सुमारे २००० मीटर, दक्षिण शिखर २९९७. निव्वळ चढ हजार मीटर, मधल्या उतारांमुळे प्रत्यक्षात त्याहून जास्त. जाऊन-येऊन १८ ते २० किलोमीटर, चांगल्या चालीने नऊ-दहा तास. जानेवारीत उजाडतं पावणेसातला आणि मावळतं पावणेसहाला. म्हणजे अकरा तासांच्या उजेडात दहा तासांचं काम. त्यामुळे सहाला हेडटॉर्च लावून निघायचं आणि साडेबाराला जिथे असाल तिथून वळायचं, माथा शंभर मीटरवर दिसत असला तरी. शेवटचा टप्पा सर्वात खडा आणि घसाऱ्याचा आहे. माणसं तिथेच वेळ खातात आणि मग उतरताना अंधारात खुणा हरवतात.

वाटेच्या खुणा म्हणजे खडकावर पिवळा-पांढरा-लाल असे तीन पट्टे. पाच मिनिटं चालूनही पट्टा दिसला नाही तर पुढे शोधत जाऊ नका, शेवटच्या पट्ट्यापर्यंत मागे या. इथे गवत नाही, त्यामुळे बकऱ्यांची प्रत्येक वाट पायवाटच वाटते आणि बकऱ्यांच्या वाटा कड्यावर जाऊन संपतात. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. पठारावर रेंज असते, दरीत भरवसा नाही. उत्तर शिखर खरं सर्वोच्च आहे, पण ते लष्कराच्या ताब्यात. तिकडे कॅमेरासुद्धा रोखू नका.

गारठा: जानेवारीत पठारावर रात्री शून्याच्या आसपास, कधी खाली, आणि वारा असला तर त्याहून बोचरा. सह्याद्रीतली पातळ झोपपिशवी पुरणार नाही, शून्य अंशाची हवी. शेकोटीसाठी ज्युनिपरची वाळकी फांदीही तोडू नका. साधारण २१०० मीटरच्या वरच ही झाडं आहेत आणि शतकानुशतकं हळूहळू वाढलेली आहेत. कोळसा खालून न्या. गॅसचा डबा विमानात चालत नाही, तो मस्कतमध्ये घ्यावा लागेल.

काकांसाठी जबल अख्दर. अल अक्र, अल ऐन आणि अश-शुरैजा या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांच्या गावांना जोडणारी वाट दीड-दोन तासांची आहे. पाटाच्या कडेने, मधूनमधून पायऱ्या. एका टोकाला उतरवून दुसऱ्या टोकाला गाडी आणली तर परतीचा चढ वाचतो. तिथले प्रसिद्ध गुलाब मात्र मार्चअखेर ते मेच्या मध्यापर्यंत. जानेवारीत झाडं नुसती काटक्या. आणि फलजच्या, म्हणजे या पाटांच्या, पाण्यात पाय बुडवू नका, गावाचं पिण्याचं आणि शेतीचं पाणी तेच असतं.

रानपिंगळा:

ताहरबद्दल आधी थंड पाणी ओततो. जबल शम्सच्या पर्यटकांच्या पट्ट्यात तुम्हाला लांबून जे "ताहर" दिसेल ते शंभरात नव्व्याण्णव वेळा पाळीव बकरं असेल. अरबी ताहर साऱ्या जगात फक्त हजर पर्वतात आहे, ओमान आणि अमिरातीच्या वाट्याचा. संख्या थोडी, विखुरलेली, एकेकटे किंवा दोन-चारांचे गट. नीलगिरी ताहरसारखे पन्नास जण एका कुरणावर चरताना बघायची सवय असेल तर ती विसरा.

तसंही नाव सारखं असलं तरी नातं दूरचं आहे. आधी हिमालयी, नीलगिरी आणि अरबी असे तिन्ही ताहर एकाच प्रजातीत (जीनस) धरत. २००५ मधल्या जनुकीय अभ्यासानंतर तिघांच्या तीन वेगळ्या प्रजाती झाल्या: नीलगिरीवाला मेंढ्यांच्या जवळचा निघाला, अरबी ताहर उत्तर आफ्रिकेतल्या बार्बरी मेंढीच्या.

ओळखायचं कसं? पाळीव बकरीचे कान लोंबते, रंग काळा-पांढरा-तपकिरी कसाही. ताहर बुटका, भरदार, तांबूस-तपकिरी, केस लांब आणि विस्कटलेले, कान उभे, डोळ्यापासून नाकाकडे उतरणारी गडद पट्टी. शिंगं नर-मादी दोघांनाही, आखूड आणि मागे वळलेली. नराच्या पाठीवर आयाळ. खडकाच्या रंगात इतका मिसळतो की तो हलेपर्यंत दुर्बिणीतही सापडत नाही.

आता कुठे. वादी म्हणजे बहुधा कोरडं असलेलं नदीपात्र. वादी सरीन हे राखीव क्षेत्र ताहरसाठीच ओळखलं जातं. मस्कतच्या दक्षिणेला, कुरियातच्या आतल्या डोंगरात. तिथे पर्यावरण प्राधिकरणाच्या परवान्याशिवाय जाता येत नाही. मावसभाऊ तिथला रहिवासी असेल तर अर्ज त्यानेच करावा आणि किमान महिनाभर आधी करावा. पासपोर्टच्या प्रती, गाडीचा क्रमांक, तारखा, कशासाठी येताय ते. मिळाला तर सोबत राखणदार असतो आणि त्याचे डोळे तुमच्या दुर्बिणीपेक्षा भारी असतात.

आणि पद्धत बदला. सह्याद्रीत आपण चालतो आणि वाटेत जे दिसेल ते बघतो. इथे तसं केलंत तर पाच दिवसांत फक्त दगड बघाल. इथला सगळा हिशोब पाण्याचा. ताहर पाण्यावाचून राहणारा प्राणी नाही. उन्हाळ्यात त्याला दोन-तीन दिवसांतून एकदा तरी प्यावंच लागतं. त्यामुळे खडकातली साठलेली कुंडं, झिरपा आणि त्यांच्याकडे उतरणाऱ्या कपारी हाच त्याचा पत्ता. हिवाळ्यात पाऊस पडून गेला असेल तर पाणी सगळीकडे असतं आणि प्राणी पांगतात. हे मुद्दाम सांगतो, कारण पावसानंतर जास्त दिसेल असं लोकांना वाटतं. उत्तरेकडे तोंड असलेले उतार आधी बघा. तिथे ऊन कमी, ओल जास्त टिकते, म्हणून चाराही तिथेच.

उजाडायच्या आधी समोरच्या उतारावर बसा, पाण्यापासून किमान ३०० मीटर लांब, वारा तोंडावर येईल असे. ८×४२ ची दुर्बीण गुडघ्यावर टेकवून कड्याची एकेक आडवी पट्टी डावीकडून उजवीकडे वाचायची. एक कडा पूर्ण वाचायला वीस मिनिटं. मग पुन्हा पहिल्यापासून. नऊ वाजले की आटपलं. पुन्हा दुपारी चारनंतर. पाण्यावर आलेला प्राणी थबकून तुमच्याकडे बघायला लागला तर तुम्ही फार जवळ आहात. हलू नका, उठू नका. तो न पिता वर गेला तर त्याला पुन्हा पूर्ण कडा उतरून यावं लागतं.

मराठी माणसाने तर हा प्राणी बघायलाच हवा. त्याचं शास्त्रीय नाव अरॅबिट्रॅगस जयकरी. हे जयकर म्हणजे मुंबईचे डॉक्टर आत्माराम सदाशिव जयकर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुमारे तीस वर्षं मस्कतला सरकारी वैद्यक होते आणि तिथले प्राणी, मासे, सरडे गोळा करून लंडनच्या संग्रहालयाला पाठवत. त्यांच्या नमुन्यावरून ओल्डफील्ड थॉमस यांनी १८९४ मध्ये ताहरचं वर्णन केलं. याशिवाय एक वाळूतला दुतोंड्या, एक समुद्रघोडा आणि एक मोठा सरडाही जयकरांच्या नावाने आहे.

तो सरडा, ओमानोसॉरा जयकरी, दोन फुटांच्या आसपास भरतो आणि वादीतल्या कुंडांच्या कडेला उन्हात पडलेला असतो. पण जानेवारीत सरपटणारे सुस्त. दिसला तर भर दुपारी. त्यासाठी मार्च बरा.

पक्ष्यांत हमखास यश आहे. पांढरी गिधाडं तर डोळ्यांच्या पातळीवरून जातील, डब्ल्यू६ वर कधी खालूनसुद्धा. ओमानमध्ये त्यांची संख्या अजून चांगली आहे. मोठं, रुंद पंखांचं, गडद गिधाड दिसलं तर ते लॅपेट-फेस्ड. कड्यावर बोनेलीचा गरुड आणि बार्बरी ससाणा. काळा-पांढरा, दगडावर बसून शेपटी हलवणारा तो ह्यूमचा गप्पीदास. होय, काँग्रेस स्थापणारे ह्यूम तेच. निजव्याच्या खजुरांच्या बागांत नीलपंख आणि जांभळा शिंजीर आपलेच. साळुंक्याही आहेत, पण तिथे त्या बाहेरून आलेल्या उपद्रवी पक्ष्यांत मोजल्या जातात आणि सरकार त्या पकडायची मोहीम चालवतं. रात्री घुबडांचे आवाज फोनवर वाजवून त्यांना बोलवायचा मोह टाळा. हद्द सोडून उत्तर द्यायला आलेला पक्षी शिकारीचा वेळ गमावतो.

बिबट्याची आशा इथे ठेवू नका. अरबी बिबट्या आता ओमानमध्ये दक्षिणेला, धोफारच्या डोंगरात उरलाय, इथून हजारेक किलोमीटर.

डबाबाटली:

वरच्या दोन्ही प्रतिसादांना अनुमोदन. पाण्याचं राहिलं.

डब्ल्यू६ ला माणशी ३ लिटर. डब्ल्यू४ ला ५ लिटर, वर १ लिटर न उघडण्याचं. शिवाय गाडीत माणशी १० लिटर कायम, कारण गाडी अडकली तर तेच पाणी. जास्त वाटेल. पण आपल्याकडे घाम अंगावरून निथळतो म्हणून पाणी जातंय हे कळतं. इथे हवा इतकी कोरडी की घाम त्वचेवर येतानाच उडतो. शर्ट कोरडा, तोंडात तहान नाही आणि दुपारी दोनला डोकं ठणकायला लागतं. तहानेवर जाऊ नका, घड्याळावर जा: दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट. लघवी गडद पिवळी झाली तर उशीर झालाय असं समजा.

नुसतं पाणीही ढोसू नका, क्षार पातळ होतात आणि मळमळ, गोंधळल्यासारखं होतं. ओआरएसची पाकिटं माणशी रोज दोन. पाकीट एक लिटरचं असेल तर एक लिटरातच. अर्ध्या लिटरात घट्ट कालवून प्यायलात तर उलट पोट बिघडतं. पाकिटं संपली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

खाण्यात दशम्या, गूळपोळी, चिक्की, खारे दाणे उत्तम. खजूर तिथे घ्याच. तिखटमीठ लावलेली काकडी दुपारी सोन्यासारखी. विमान दुबईवरून असेल तर एक लक्षात ठेवा: खसखस अमिरातीत अमली पदार्थात मोडते. आईने दिलेले अनारसे घरीच ठेवा. गंमत नाही, लोक खरोखर अडकतात. ओमानलाही तीच काळजी घ्या.

कातळकडा:

भरभरून लिहिलंत, आभार. म्हणजे साधारण असं: पहिला दिवस मस्कत ते अल हमरा, दुसरा डब्ल्यू६, तिसरा डब्ल्यू४, चौथा काकांसोबत जबल अख्दर, पाचवा परवाना मिळाला तर वादी सरीन. दोन शंका. पहिल्या रात्री घूलच्या वादीतच सपाट रेतीवर तंबू लावला तर? वाऱ्यापासून आडोसा आहे, सावलीही आहे. आणि बूट, आमचे सगळ्यांचे जुनेच आहेत, चालतील ना?

निजवेकर:

वादीत तंबू नाही. आकाश निरभ्र असलं तरी नाही.

ती सपाट रेती सपाट का आहे, विचार करा. वरचा सगळा डोंगर उघडा खडक आहे. माती नाही, झाडोरा नाही, पाणी मुरायला जागा नाही. वीस किलोमीटर लांब माथ्यावर तासभर पाऊस झाला की तो सगळा एकाच घळीत येतो, आणि तुमच्या डोक्यावर तेव्हा चांदणं असू शकतं. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या ढगांनी असे पाऊस होतात, उन्हाळ्यात दुपारच्या गडगडाटाने. पाणी हळूहळू चढत नाही. आधी वाऱ्यासारखा आवाज, मग काटक्या-शेण-फेसाची एक भिंत आणि तिच्यामागे दगड. आवाज ऐकल्यावर तंबू आवरायला वेळ नसतो. सामान टाकून सरळ बाजूला वर चढायचं, वादीच्या दिशेने खाली पळायचं नाही.

जागा निवडताना कडेच्या खडकावरची जुनी पुराची रेघ शोधा. झुडपांत अडकलेला कचरा, वाळलेल्या काटक्यांचे झुबके. त्या रेघेच्या किमान तीन-चार मीटर वर. मुक्कामाला पठार किंवा अल हमराच्या बाजूचा उंच सपाट टप्पा घ्या.

रस्त्यावर वाहती वादी आडवी आली तर थांबा, पाणी उतरायला दोन-चार तास लागतील. फोर-व्हील-ड्राइव्ह म्हणजे होडी नव्हे. गुडघाभर वाहतं पाणी गाडी उचलतं. शिवाय वाहत्या वादीत गाडी घालणं हा ओमानमध्ये गुन्हा आहे, दंडासोबत तुरुंगवासही होऊ शकतो. निघायच्या आदल्या रात्री आणि त्या दिवशी पहाटे हवामान खात्याचा इशारा बघायचा. अडचणीत पोलीस आणि रुग्णवाहिकेसाठी ९९९९.

आराखड्यात एक बदल सुचवतो. डब्ल्यू४ दुसऱ्या दिवशी नको हे बरोबर, पण तिसऱ्याच्या ऐवजी चौथ्याला ठेवा आणि काकांचा जबल अख्दर तिसऱ्याला. समुद्रसपाटीवरून थेट तीन हजार मीटर म्हणजे काहींना डोकेदुखी होते. दोन रात्री दोन हजाराच्या आसपास काढल्यात तर सुसह्य होईल. शिवाय शेवटी हवा बिघडली तर डब्ल्यू४ गाळता येतो.

कातळकडा:

चौथ्याला डब्ल्यू४ आणि पाचव्याला पहाटे वादी सरीन? मध्ये शंभर-दोनशे किलोमीटर आणि थकलेला ड्रायव्हर.

रानपिंगळा:

तो मुद्दा योग्य आहे. दोन्ही होत नाहीत. दहा तास चालून रात्री डोंगर उतरू नका. रस्त्यावर गाढवं आणि उंट बसलेले असतात, अंधारात दिसत नाहीत. परवाना हातात आला तर डब्ल्यू४ सोडा, चौथ्या दिवशी दुपारी कुरियातला पोहोचा, संध्याकाळ आणि पाचवी सकाळ अशा दोन बैठका मिळतील. नाही आला तर डब्ल्यू४. ताहरला एक बैठक म्हणजे काहीच नाही.

सोलतुटका:

बुटांबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी.

"जुनेच आहेत" हे वाचून काळजी वाटली. किती जुने, यापेक्षा कुठे ठेवलेले, हे महत्त्वाचं. बुटाच्या तळव्यातला मधला फेसाचा थर बहुधा पॉलियुरेथेनचा असतो आणि तो दमट हवेत आपोआप विघटन पावतो. वापरा वा वापरू नका. पुण्या-मुंबईच्या तीन-चार पावसाळ्यांत माळ्यावर खोक्यात पडलेला बूट बाहेरून नवा दिसतो आणि पहिल्या कडक चढावर तळवा पावासारखा चुरतो. दुसऱ्या बुटाचंही तासाभरात तेच, कारण दोघांचं वय एक.

तपासणी सोपी आहे. मधल्या थरात अंगठ्याचं नख जोरात रोवा. खूण भरून आली तर ठीक. चिकट लागलं, भेगा पडल्या किंवा भुगा निघाला तर बूट बाद. मग बूट दोन्ही हातांनी वाकवून तळव्याच्या कडेचा डिंक सुटतोय का बघा. त्यानंतर जड पिशवी घेऊन सिंहगड दोनदा करा, तिथे सुटू दे काय सुटायचं ते. नवे घेणार असाल तर आत्ताच घ्या, जानेवारीत घेऊन तिथे पहिल्यांदा घालू नका.

तळवा मऊ नको. ही चुनखडी खवल्यासारखी झिजलेली असते, कडा ब्लेडसारख्या. मऊ धावायच्या बुटांतून प्रत्येक दगड टोचतो आणि दहा तासांत पावलं सुजतात. पकड मात्र कोरड्या चुनखडीवर आपल्या ओल्या कातळापेक्षा चांगली मिळते. अपवाद डब्ल्यू६ चा शेवट: लाखो पावलांनी गुळगुळीत झालेले दगड कोरडे असतानाही घसरतात. सोबत रुंद चिकटपट्टी दोन-तीन मीटर आणि चार प्लास्टिकचे बंद ठेवा. सुटलेला तळवा त्यावर गाडीपर्यंत येतो. बंद गाडीच्या डिकीत बूट दिवसभर तापू देऊ नका, डिंक तिथेच सुटतो.

आणि दगड उचलायच्या आधी, कपारीत हात घालायच्या आधी बघा. तिथेही फुरसं आहे, आपल्या कोकणातल्याचा भाऊबंद, जात वेगळी. दंश झाला तर आवळपट्टी नाही, चिरा नाही, बर्फ नाही. अंगठ्या-घड्याळ काढा, हात किंवा पाय हलणार नाही असा बांधा आणि इस्पितळ. प्रतिविष तिथे असतं. भारतातलं सोबत न्यायचा उपद्व्याप करू नका, ते इथल्या सापांसाठी बनवलेलं आहे.

रासअलखैमा:

अमिरातीतून गाडीने येणारे मराठी बांधव हा धागा वाचत असतील तर दोन ओळी. अमिरातीची भाड्याची गाडी ओमानमध्ये न्यायला कंपनीचं ना-हरकत पत्र आणि ओमानचा विमा, म्हणजे ते नारिंगी कार्ड, दोन्ही मूळ प्रत हातात लागतात. फोनमधल्या फोटोवर सीमेवर वाद होतो. आणि वादीबद्दल अमिरातीतही नियम कडक आहे. २०२३ पासून पूर आलेल्या वादीत गाडी घातली तर २००० दिरहम, परवान्यावर २३ काळे गुण आणि ६० दिवस गाडी जप्त. नुसतं पूर बघायला वादीकाठी जमलात तरी १००० दिरहम आणि ६ गुण.

कातळकडा:

नख रोवून बघितलं. दोन जोड ठीक, एकाचा भुगा निघाला! नवे घेतोय. मावसभावाला परवान्याच्या अर्जाचं आजच सांगितलं. राखणदाराला काही द्यायची पद्धत आहे का?

रानपिंगळा:

पैसे पुढे करू नका, अवघडतात. तो आधी कॉफी आणि खजूर देईल. उजव्या हाताने घ्या, कप पुरे झाला की हलकासा हलवून परत करा, नाहीतर तो ओततच राहतो. तुमच्याकडची चिक्की द्या, ती चालते. आणि तुमच्या दुर्बिणीतून त्यालाही बघू द्या.